मधुमेह असलेल्या गर्भवतीचा आहार: आधी नोंद, मग वाटणी, कपात सर्वांत शेवटी

गरोदरपणात मधुमेह असल्याचा अहवाल हाती आला की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी साखर, भात, बटाटे आणि फळे ताटातून बाद होतात. चार दिवसांत रक्तातील साखरेचे आकडे खाली येतात आणि सगळ्यांना हायसे वाटते. पुढच्या तपासणीत मात्र आईचे वजन वाढलेले नसते, लघवीत कीटोन (अन्न अपुरे पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे पदार्थ) सापडतात, आणि भुकेने कासावीस होऊन ती रात्री कोणाला न सांगता काहीतरी खाऊ लागलेली असते. ही चूक काळजीपोटीच होते, पण तिचे मूळ क्रमात आहे. अन्न कमी करणे ही पहिली पायरी मानली जाते, प्रत्यक्षात ती सर्वांत शेवटी यायला हवी आणि पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

हा लेख गर्भवतीच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या घरच्या माणसांसाठी, तसेच तिला सल्ला देणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी काही वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळावे.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, पण आईचे इन्सुलिन, म्हणजे रक्तातील साखर खाली आणणारे संप्रेरक, पोहोचत नाही. जास्तीची साखर आली की बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते, त्यामुळे त्याची वाढ प्रमाणाबाहेर होते आणि जन्मानंतर साखरेचा पुरवठा अचानक थांबल्यावर त्याची साखर घसरू शकते. म्हणून साखर आटोक्यात हवी. पण बाळाची वाढही याच साखरेवर होते, त्यामुळे आईला उपाशी ठेवून मिळवलेला चांगला आकडा कामाचा नाही.

## १. तयारी: काय विचारावे, काय जवळ ठेवावे

मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्यांदा स्पष्ट करून घ्यावे. गरोदरपणात नव्याने आढळलेला मधुमेह, आधीपासून असलेला टाइप २ आणि टाइप १ या तिन्हींत ताट बरेचसे सारखे असते, पण सावधगिरी वेगळी लागते. टाइप १ मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, म्हणून ते एक दिवसही बंद करता येत नाही आणि साखर एकदम खाली जाण्याचा धोका अधिक असतो. गरोदरपणातल्या मधुमेहात केवळ आहार आणि चालण्याने पुष्कळ जणींची साखर आटोक्यात येते.

डॉक्टरांकडून पुढील गोष्टी तोंडी न घेता लिहून घ्याव्यात: साखर दिवसातून कितीदा आणि केव्हा तपासायची, तिचे लक्ष्य काय, औषध किंवा इन्सुलिन जेवणाच्या किती आधी घ्यायचे, आणि कोणत्या आकड्याला तातडीने फोन करायचा. सर्वसाधारणपणे वापरली जाणारी लक्ष्ये अशी आहेत:

- उपाशीपोटी ९५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी (५.३ मिलिमोल प्रति लिटर)
- जेवणानंतर एका तासाने १४० पेक्षा कमी (७.८ मिलिमोल)
- जेवणानंतर दोन तासांनी १२० पेक्षा कमी (६.७ मिलिमोल)

एका तासाची आणि दोन तासांची अशा दोन्ही तपासण्या करण्याची सहसा गरज नसते. डॉक्टर सांगतील ती एक वेळ धरावी आणि तीच कायम ठेवावी.

घरात ग्लुकोमीटर, मुदत न संपलेल्या पट्ट्या, एक वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असावा. काटा नसेल तर एक ठरावीक वाटी बाजूला काढून ठेवावी आणि मोजमाप नेहमी तिनेच करावे. वाटी बदलली की आधीच्या नोंदींशी तुलना करता येत नाही. इन्सुलिन सुरू असेल तर ग्लुकोजची पूड किंवा गोळ्या तिच्या उशाशी आणि पर्समध्ये, अशा दोन ठिकाणी असाव्यात.

सावधान: निदानाच्या वेळीच उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक असेल, तर आहाराचे प्रयोग करून पाहण्यात दिवस घालवू नयेत. अशा वेळी आहारासोबत इन्सुलिनही लगेच लागू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

## २. पहिले तीन दिवस: काहीही न बदलता नोंद

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि नेमका त्यामुळेच पुढचा गोंधळ होतो. पहिल्या दिवसापासून फक्त गोड पेये, फळांचे रस आणि चहा-कॉफीतली साखर बंद करावी. बाकी जेवण तीन दिवस नेहमीसारखेच ठेवावे आणि जे खाल्ले ते लिहावे. नेहमीच्या जेवणाने साखर कोठे चढते हेच कळले नाही, तर नेमके काय बदलायचे ते कशावरून ठरवणार?

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, काय आणि किती खाल्ले, साखर, आणि शेरा. शेऱ्यात झोप कमी झाली, उलटी झाली, चालणे झाले, औषध उशिरा घेतले अशा गोष्टी येतात. ज्या वह्यांत नुसते आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात, त्यांवरून कोणालाही सल्ला देता येत नाही. १५२ हा आकडा कशाने आला ते त्याच्या शेजारच्या रकान्यातच सापडते.

तपासणीची पद्धत अशी असावी:

1. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. फळ चिरल्यावर बोटाला लागलेला रसाचा अंशही आकडा खोटा वाढवतो, आणि ओल्या बोटाने रक्ताचा थेंब पातळ होतो.
2. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे. तिथे दुखते कमी. बोटे आलटून पालटून वापरावीत.
3. वेळ पहिल्या घासापासून मोजावी. जेवण संपल्यापासून मोजणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. अर्धा तास जेवण चालले, तर एका तासाची म्हणून लिहिलेली साखर प्रत्यक्षात दीड तासाची असते आणि ती फसवे समाधान देते.
4. आकडा अनपेक्षित वाटला तर हात पुन्हा धुऊन दुसरी पट्टी वापरावी आणि दोन्ही आकडे लिहावेत.

पडताळणी: तिसऱ्या दिवशी रात्री वही समोर ठेवून एवढेच पाहावे की आकडे चढण्याची वेळ कोणती आहे. सकाळ, दुपार, रात्र की उपाशीपोटी? पुढचे काम त्या एका वेळेपासून सुरू करायचे आहे.

## ३. कर्बोदकांची ओळख आणि दिवसभरातली वाटणी

साखर प्रामुख्याने कर्बोदकांनी वाढते. ती धान्यांत, बटाट्यासारख्या कंदांत, फळांत, दुधात आणि कडधान्यांत असतात. अंडी, मासे, मांस, पनीर, तेल आणि पालेभाज्या यांत ती अगदी थोडी असतात किंवा नसतात. गोड लागते तेच साखर वाढवते, हा समज आधी सोडावा लागतो. साखर न घातलेली बिस्किटेही पिठाचीच असतात, आणि पाकिटावर साखरविरहित लिहिलेले असले तरी मागच्या तक्त्यातला कर्बोदकांचा एकूण आकडा पाहावाच लागतो.

अंदाजासाठी काही प्रमाणे लक्षात ठेवावीत. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये सुमारे १५ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम, एका मोठ्या कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम, मध्यम केळ्यात २५ ते २७ ग्रॅम आणि शंभर ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात. मसुरीसोबत ९ ग्रॅम प्रथिने आणि भरपूर तंतू येतात, त्यामुळे तिने साखर भातापेक्षा सावकाश चढते.

गर्भवतीला दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदके लागतात, असे आहाराची शास्त्रीय मानके सांगतात. प्रथिने उत्तरार्धात सुमारे ७१ ग्रॅम आणि तंतू सुमारे २८ ग्रॅम हवेत. यातला १७५ हा आकडा घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा, कारण काळजीपोटी तोच सर्वांत आधी मोडला जातो.

आता वाटणी. हेच १७५ ग्रॅम दोन जेवणांत घेतले तर प्रत्येक वेळी साखर उसळेल, सहा वेळांत विभागले तर पुष्कळदा उसळणार नाही. न्याहारीला ३०, दोन मुख्य जेवणांना प्रत्येकी ५०, आणि मधल्या तीन छोट्या खाण्यांना प्रत्येकी १५ धरले की बेरीज १७५ होते. ही मांडणी सुरुवातीसाठी आहे. नोंदी पाहून ती बदलायची आहे. दोन खाण्यांत दोन ते तीन तासांचे अंतर असावे. सतत थोडेथोडे चरत राहिले तर साखर खाली यायला उसंतच मिळत नाही, आणि जेवणानंतरची तपासणीही निरर्थक ठरते.

सावधान: एखादे जेवण गाळून त्याची कर्बोदके पुढच्या जेवणात घालू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत जेवण गाळणे धोक्याचेच आहे.

## ४. ताटाची रचना, आणि न्याहारीचा वेगळा विचार

मुख्य जेवणाचे ताट डोळ्यांनी मोजता येते. अर्धे ताट पिष्ट नसलेल्या भाज्यांचे, पाव ताट प्रथिनांचे आणि पाव ताट धान्याचे किंवा कंदाचे असावे. बटाटा हा या हिशेबात भाजी नसून धान्याच्या पाव भागातला आहे. भात आणि बटाटा दोन्ही वाढायचे असतील, तर दोन्ही मिळून तो पाव भाग भरावा. जेवणाची सुरुवात भाजीने आणि प्रथिनांनी करून धान्य नंतर खाल्ले, तर जेवणानंतरची चढण कमी होते असे पुष्कळ जणींत दिसते. याला काही खर्च नाही आणि काही कमीही करावे लागत नाही, म्हणून हा उपाय सगळ्यांत आधी करून पाहावा.

न्याहारीवर थोडे थांबू या, कारण बहुतेक वह्यांत अडचण तिथेच असते. पहाटे शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढलेली असतात आणि ती इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. त्यामुळे दुपारी सहज पचणारे तेवढेच धान्य सकाळी साखर चढवते. समजा, वहीतल्या एका पानावर असे लिहिले आहे: उपाशीपोटी ९१, आठ वाजता ब्रेडचे दोन स्लाइस, एक कप दूध आणि एक केळे, नऊ वाजता १६८. हिशेब केला तर या न्याहारीत ३०, १२ आणि २७ मिळून ६९ ग्रॅम कर्बोदके होतात. पुष्कळ घरांत हे पाहून दूध आणि फळ कायमचे बंद होते. योग्य बदल असा: आठ वाजता एक स्लाइस, दोन अंडी आणि तेच दूध, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम, अर्धे केळे मूठभर दाण्यांसोबत साडेदहा वाजता, आणि उरलेली कर्बोदके दुपारच्या व संध्याकाळच्या खाण्यात. दिवसाची बेरीज तीच राहिली आणि केळे सकाळच्या ताटातून फक्त पुढे सरकले. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा घट्ट, बिनसाखरेचे दही घ्यावे.

फळ नेहमी अख्खे खावे. रसात तंतू जवळजवळ राहत नाहीत, आणि दोन-तीन फळांची साखर काही घोटांत पोटात जाते. चव भागवण्यासाठी गोडी आणणारे कृत्रिम पदार्थ वापरायचे असतील, तर सुक्रालोजसारखे पदार्थ मर्यादेत चालतात. सॅकरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते, म्हणून ते टाळण्याचा सल्ला दिला जातो.

जेवणानंतर दहा ते पंधरा मिनिटे चालणे हाही ताटाचाच भाग समजावा, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर अर्थातच नाही. घरच्यांपैकी कोणीतरी सोबत चालले, तर हे नियमितपणे होते.

## ५. बदल एका वेळी एकच

न्याहारीतले धान्य कमी केले, दुपारी चालणे वाढवले आणि रात्रीचे जेवण लवकर घेतले, असे एकाच दिवशी केले तर आकडा कशाने सुधारला ते कळत नाही. एक बदल करावा, दोन ते तीन दिवस तो पाळावा, वही पाहावी आणि मगच दुसरा करावा. बदलांचा क्रम असा ठेवावा:

1. खाण्याचा क्रम: भाजी आणि प्रथिने आधी.
2. वेळ: त्या जेवणातला एक पदार्थ मधल्या खाण्याकडे सरकवणे.
3. प्रकार: पॉलिश केलेल्या धान्याच्या आणि मैद्याच्या पदार्थांऐवजी अख्खे धान्य किंवा कडधान्य.
4. जेवणानंतरचे चालणे.
5. प्रमाण: त्या जेवणातली कर्बोदके १० ते १५ ग्रॅमने कमी करून दुसरीकडे भरून काढणे.

एखादा आकडा लक्ष्याबाहेर गेला म्हणून घाबरून बदल करू नयेत. तीन दिवसांत त्याच जेवणानंतर दोनदा साखर चढली, तर मात्र बदल करावा.

कोठे थांबावे: एक ते दोन आठवडे नीट आहार घेऊनही साखर लक्ष्याबाहेर राहत असेल, तर औषधाची वेळ झाली आहे. गरोदरपणात वार जी संप्रेरके तयार करते त्यांनी इन्सुलिनला होणारा विरोध आठवड्यागणिक वाढत जातो. त्यामुळे इन्सुलिन सुरू करावे लागणे म्हणजे तिने पथ्य मोडले असा अर्थ काढू नये, आणि घरात कोणी तसे बोलूही नये. या टप्प्यावर ताट आणखी रिकामे करत जाणे हीच खरी हानी आहे.

## ६. उपाशीपोटीची साखर

ही साखर रात्रीच्या ताटावर फार थोडी अवलंबून असते. ती मुख्यतः रात्रभर यकृतातून सुटणाऱ्या साखरेने ठरते, म्हणून रात्रीचे जेवण बंद केल्याने ती हमखास उतरते असे नाही. उपवास फार लांबला तर कीटोन वाढतात. झोपण्यापूर्वी १५ ग्रॅम कर्बोदके आणि सोबत प्रथिने, उदाहरणार्थ एक कप दूध आणि थोडे दाणे, देऊन पाहावे आणि रात्रीचे शेवटचे खाणे व न्याहारी यांतले अंतर दहा तासांच्या आत ठेवावे. तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर आहाराशी झटापट न करता डॉक्टरांना वही दाखवावी.

## ७. साखर खाली गेली तर, आणि आजारपणात

इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीची साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड अशी लक्षणे दिसली, तर पुढील क्रम पाळावा:

1. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.
2. पंधरा मिनिटांनी तपासावे. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे.
3. साखर वर आल्यावर पुढचे जेवण लांब असेल, तर धान्य आणि प्रथिने असलेले थोडे खाणे द्यावे.

सावधान: ती शुद्धीत नसेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. तिला कुशीवर वळवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

टाइप १ असलेल्या स्त्रीत पहिल्या तिमाहीच्या सुमारास इन्सुलिनची गरज काही काळ घटू शकते. त्यात उलट्याही असतील तर साखर खाली जाण्याचे प्रसंग वाढतात. मळमळ असेल तेव्हा तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी कोरडे, थोडे खाणे द्यावे. उलट्या थांबत नसल्या तरी दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. कीटोन तपासून रुग्णालयात जावे, कारण गरोदरपणात कीटोनची विषबाधा साखर फारशी चढलेली नसतानाही होऊ शकते.

## ८. साखरेपलीकडचे ताट

साखरेच्या नादात लोह, कॅल्शियम आणि फॉलिक ॲसिड मागे पडतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी देऊ नये, कारण कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते. लोहाच्या गोळीसोबत किंवा लगेच पुढेमागे चहा-कॉफीही नको. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत असावे. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला सुरुवातीच्या आठवड्यांत फॉलिक ॲसिडची मात्रा अधिक लागू शकते, ती डॉक्टरांनीच ठरवावी.

कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी व मांस आणि न तापवलेले दूध टाळावे. शार्क आणि तलवार मासा यांसारख्या, पाऱ्याचा अंश जास्त असलेल्या मोठ्या माशांऐवजी लहान मासे निवडावेत.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी आणि एकाच काट्यावर पाहावे. गरोदरपणापूर्वी वजन प्रमाणात असलेल्या स्त्रीचे एकूण वजन साधारण ११.५ ते १६ किलोने वाढावे, वजन अधिक असलेल्या स्त्रीचे ७ ते ११.५ किलोने आणि स्थूल स्त्रीचे ५ ते ९ किलोने.

पडताळणी: साखर लक्ष्यात आहे, पण दोन आठवडे वजन थबकले आहे किंवा घटले आहे, तर आहार अपुरा आहे असे समजून आहारतज्ज्ञांकडे जावे. एकट्या साखरेच्या आकड्यावर समाधान मानू नये.

## ९. घरच्यांचे वागणे

सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे घरातले ताट एकच असणे. तिच्यासाठी वेगळे, बेचव जेवण आणि बाकीच्यांसाठी नेहमीचे, अशी विभागणी पंधरा दिवसही टिकत नाही आणि ती त्या स्त्रीला एकाकी करते. भाजी अर्धे ताट, धान्य पाव ताट ही रचना घरातल्या सगळ्यांना मानवते.

आकडा चढला तर "काय खाल्लंस?" असे विचारू नये. असा प्रश्न दोन-तीनदा ऐकल्यावर वहीत खोटे आकडे येऊ लागतात आणि त्या खोट्या आकड्यांवरून डॉक्टर औषध ठरवतात. "चल, वही पाहू या," एवढे म्हणावे आणि शेजारी बसावे. भूक लागली असे ती म्हणाली तर ते खरेच मानावे आणि तिला भाज्या, ताक, उकडलेले अंडे, मूठभर दाणे असे काही लगेच हाताशी द्यावे.

## १०. शेवटचे आठवडे आणि प्रसूतीनंतर

तिसऱ्या तिमाहीत तेच ताट असूनही साखर चढू लागते, हे अपेक्षित आहे. वही डॉक्टरांकडे अधिक वेळा न्यावी. याउलट, शेवटच्या आठवड्यांत इन्सुलिनची गरज अचानक लक्षणीय कमी झाली आणि साखर वारंवार खाली जाऊ लागली, तर ती सुधारणा समजू नये. वारेचे काम मंदावले आहे का, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे.

वार बाहेर पडताच इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीची प्रसूतीनंतरची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी आणि तो कागद रुग्णालयाच्या पिशवीत ठेवावा. टाइप १ असलेल्या आईने स्तनपानाच्या आधी किंवा दरम्यान थोडे खावे, कारण त्या वेळी साखर घसरू शकते.

गरोदरपणातला मधुमेह बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो, पण पुढे टाइप २ होण्याचा धोका राहतो. प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेली तपासणी करून घ्यावी. बाळाच्या धावपळीत ही तपासणी सर्रास राहून जाते. म्हणून तिची तारीख प्रसूतीपूर्वीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी आणि त्या दिवशी बाळाला कोण सांभाळेल, त्याचे नावही तिथेच लिहून ठेवावे.